मुलुंड-भांडुप परिसरातील एसी दुरुस्तीच्या व्यवसायासाठी ऑनलाइन जाहिरात करताना क्षेत्र किती मोठे ठेवावे?

गारवा_मुलुंड (प्रश्न)

नमस्कार. मुलुंड पश्चिमेला आमचा एसी, फ्रिज आणि वॉशिंग मशीन दुरुस्तीचा व्यवसाय आहे. वडिलांनी तो सुरू केला आणि आता मी पाहतो. माझ्याकडे चार टेक्निशियन आहेत, दोन दुचाकी आहेत आणि सामान ठेवण्यापुरता एक गाळा आहे, जिथे ग्राहक सहसा येत नाहीत. आजवरचे जवळजवळ सगळे काम ओळखीतून आले. एका घरी सर्व्हिसिंग केले की त्याच इमारतीतून आणखी एक-दोन फोन येत असत. परंतु जुन्या इमारती पाडून तिथे टॉवर उभे राहू लागल्यापासून ही साखळी तुटत चालली आहे. नव्या घरात आलेल्या कुटुंबाची शेजाऱ्यांशी ओळख होण्याआधीच एसी बसवण्याची वेळ येते, आणि ती मंडळी सरळ मोबाइलवर शोध घेतात. तिथे आम्ही कुठेच दिसत नाही.

मध्यंतरी लीड, म्हणजे संभाव्य ग्राहकांचे नंबर, विकणाऱ्या एका संकेतस्थळाचे पैसे भरले होते. एकाच ग्राहकाचा नंबर अनेकांना दिला जात असल्यामुळे आमचा फोन जाईपर्यंत ग्राहक त्रासलेला असे, आणि बोलणे सुरू व्हायचे ते थेट ‘सर्वांत कमी किती घ्याल’ इथून. आता एका जाहिरात एजन्सीने प्रस्ताव दिला आहे. मुलुंड स्टेशन मध्यभागी धरून 12 किलोमीटरच्या वर्तुळात गुगलवर आणि फेसबुकवर जाहिरात करावी, म्हणजे जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचता येईल, असे त्यांचे म्हणणे आहे. खर्च आमच्या आवाक्यात आहे, तरीही मन तयार होत नाही.

क्षेत्र किती ठेवावे, सुरुवात कुठून करावी आणि जुन्या ग्राहकांना व्हॉट्सॲपवर संदेश पाठवणे योग्य ठरेल का, याविषयी प्रत्यक्ष या कामात असलेल्यांनी मार्गदर्शन करावे. पावसाळ्यात काम कमी होते, त्यावरही काही उपाय असल्यास कळवावे.

---

पाना_आणि_पकड

नमस्कार. माझा प्लंबिंग आणि गळती दुरुस्तीचा व्यवसाय गोरेगावला आहे, म्हणजे तुमच्यापासून फार दूर नाही, मध्ये फक्त राष्ट्रीय उद्यान आहे. आणि नेमके तेच या प्रस्तावात विसरले गेले आहे.

नकाशा उघडून मुलुंड स्टेशनभोवती 12 किलोमीटरचे वर्तुळ काढून पाहा. पश्चिमेकडचा मोठा भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात जातो आणि वर्तुळाची कड बोरिवलीच्या आसपास पोहोचते. पूर्वेला ठाण्याची खाडी ओलांडून ऐरोली आणि पुढची नवी मुंबई येते. उत्तरेला जवळजवळ सगळे ठाणे शहर येते. कागदावर बोरिवली तुमच्या क्षेत्रात आहे, परंतु तुमच्या टेक्निशियनला तिथे जायचे तर वर घोडबंदर रस्त्याने वळसा घालावा लागेल, नाहीतर खाली पवईवरून जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याने जाऊन पुन्हा द्रुतगती महामार्गावर उत्तरेकडे यावे लागेल. संध्याकाळच्या वेळी या रस्त्यांवर काय अवस्था असते ते तुम्हाला वेगळे सांगायला नको. गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता पूर्ण झाल्यावर हे गणित बदलेल, पण जाहिरात आजच्या रस्त्यांवर करायची आहे.

मुंबईत ‘जवळ’ हे अंतर किलोमीटरमध्ये मोजून चालत नाही. ते रेल्वेच्या मार्गावर, पूर्व-पश्चिम जोडणाऱ्या पुलांवर आणि दिवसाच्या वेळेवर ठरते. मुलुंड पश्चिमेहून भांडुप पश्चिमेला लालबहादूर शास्त्री मार्गाने दुचाकीवर जाणे सोपे आहे, म्हणून ते जवळ. नकाशावर त्याहून कमी अंतरावर असलेली एखादी वसाहत रेल्वेच्या पलीकडे असेल आणि पुलावर गर्दी असेल, तर ती दूर. घरपोच सेवेत आपण प्रत्यक्षात टेक्निशियनचे तास विकत असतो. एक माणूस दिवसात पाच कामे करू शकत असेल आणि लांबच्या पत्त्यांमुळे तीनच होत असतील, तर त्या दोन कामांचे नुकसान जाहिरातीच्या बिलात कुठेही दिसत नाही, पण महिनाअखेरीस ते तुमच्याच खिशातून गेलेले असते.

म्हणून माझा सल्ला असा की मागच्या वर्षाची बिलबुके काढा आणि प्रत्येक पत्त्यापुढे इमारतीचे नाव लिहा. जिथे तुमचे ग्राहक आधीच दाट आहेत आणि जिथे एका फेरीत दोन-तीन कामे करता येतात, ते तुमचे खरे क्षेत्र. मला वाटते ते मुलुंड पश्चिम, नाहूर आणि भांडुप पश्चिम एवढेच निघेल. मुलुंड पूर्व फार तर दुसऱ्या टप्प्यात घ्यावे. एवढ्या पट्ट्यातही इतक्या इमारती आहेत की चार माणसांना वर्षभर काम पुरेल.

सुरुवात जाहिरातीने करू नका. आधी गुगलवर व्यवसायाचे प्रोफाइल नीट करा, ते विनामूल्य आहे. गुगलने स्वतः सांगितल्याप्रमाणे स्थानिक शोधात क्रम तीन गोष्टींवर ठरतो: शोधाशी तुमचे काम किती जुळते, तुम्ही शोधणाऱ्यापासून किती अंतरावर आहात आणि तुमची ख्याती किती आहे. अंतर आपल्या हातात नाही, बाकीच्या दोन्ही गोष्टी आहेत. मुख्य वर्ग एसी दुरुस्तीचाच निवडा आणि फ्रिज, वॉशिंग मशीन हे जोडवर्ग ठेवा. गाळ्यावर ग्राहक येत नसतील तर पत्ता लपवून फक्त सेवा क्षेत्र दाखवता येते. सेवा क्षेत्रात 20 पर्यंत ठिकाणे भरता येतात, पण ती सगळी भरली म्हणून तुम्ही सगळीकडे वर दिसू लागाल असे नाही. माझ्या अनुभवात व्यवसायाच्या मूळ पत्त्यापासून जसजसे दूर जावे तसतसे आपण खालीच दिसतो.

नावाच्या रकान्यात पाटीवर आहे तेच नाव लिहा. ‘बेस्ट एसी रिपेअर मुलुंड भांडुप ठाणे’ अशी शेपटी जोडण्याचा सल्ला अनेक जण देतात, परंतु ते गुगलच्या नियमांविरुद्ध आहे आणि त्यामुळे प्रोफाइल निलंबित होऊ शकते. ते परत मिळवण्यात ऐन हंगाम निघून जातो. खातरजमेसाठी बहुधा व्हिडिओ मागतील. त्यात रस्त्याची किंवा दुकानाची पाटी, गाळा उघडताना तुम्ही, आतला जेट पंप, गॅसचे सिलिंडर, बिलबुक असे सलग चित्रीकरण असावे, म्हणजे व्यवसाय खरा आहे आणि तो तुमच्याच ताब्यात आहे हे दिसते.

---

शब्दशः

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे. एकच भर घालतो. प्रोफाइल कितीही चांगले केले तरी फोन उचलणारा माणूस नसेल तर सर्व व्यर्थ आहे. एसीतून पाणी गळत असलेला ग्राहक वाट पाहत नाही, तो यादीतल्या पुढच्या नंबरवर जातो. टेक्निशियन स्टुलावर चढून इनडोअर युनिट उघडत असताना त्याच्याकडून फोन उचलण्याची अपेक्षा ठेवू नये. घरातील कोणी किंवा अर्धवेळ नेमलेली एखादी व्यक्ती फोनवर असावी, आणि तिला दर, वेळा व इमारतींची नावे पाठ असावीत.

---

गारवा_मुलुंड

दोघांचेही मनापासून आभार. बिलबुके काढून बसलो. नाहूर आणि भांडुप पश्चिमेतील कामे माझ्या समजुतीपेक्षा बरीच जास्त निघाली, आणि ठाण्यातील जी कामे मी मोठी समजत होतो त्यांत जाण्या-येण्यातच अर्धा दिवस गेलेला दिसतो. फोन आता पत्नी पाहणार आहे. तिची या कामाची तयारी आहे आणि ग्राहकांशी ती माझ्यापेक्षा चांगले बोलते.

प्रोफाइल तयार झाल्यावर पैसे देऊन जाहिरात करायची असेल तर ती गुगलवर करावी की फेसबुक-इन्स्टाग्रामवर? आणि अभिप्राय मागताना ग्राहकाला पुढच्या सर्व्हिसिंगवर सूट दिली तर चालते का?

---

मोजूनमापून

नमस्कार. मी ठाण्यात राहते आणि लहान व्यावसायिकांच्या ऑनलाइन जाहिराती सांभाळते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते थोडक्यात देता येते: सूट देऊ नका. अभिप्रायाच्या बदल्यात सवलत, पैसे किंवा भेट देणे गुगलच्या धोरणात निषिद्ध आहे, आणि फक्त समाधानी ग्राहकांनाच निवडून अभिप्राय मागणेही तसेच. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोनेही 2022 साली ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस 19000 हे मानक आणले आहे. काम संपल्यावर, बिल देताना, प्रत्येक ग्राहकाला अभिप्रायाची लिंक पाठवा आणि ‘काय काम केले ते दोन ओळींत लिहिलेत तर इतरांना उपयोग होईल’ एवढेच म्हणा. ‘भांडुपला दुसऱ्या मजल्यावर येऊन कॉइल बाहेर काढून धुतली, गॅस भरण्याची गरज नसल्याचे प्रामाणिकपणे सांगितले’ अशा एका अभिप्रायाचे मोल ‘छान सेवा’ अशा दहा अभिप्रायांना नाही. वाईट अभिप्राय आला तर त्याला शांतपणे, मुद्द्याला धरून उत्तर द्या. नवीन ग्राहक तो अभिप्राय आणि तुमचे उत्तर दोन्ही वाचतो.

आता जाहिरातीविषयी. ज्याचा एसी आज बंद पडला आहे तो गुगलवर शोधतो, म्हणून दुरुस्तीसाठी गुगलची शोध जाहिरात प्रथम. फेसबुक-इन्स्टाग्रामवर माणूस एसी शोधायला आलेला नसतो. तिथे उन्हाळ्यापूर्वीचे सर्व्हिसिंग, वार्षिक देखभाल करार अशा गोष्टींची आठवण करून देता येते. तातडीचे काम तिथून क्वचितच येते.

गुगलवर एका गोष्टीकडे मी विशेष लक्ष वेधते, कारण लहान व्यावसायिकांचे सर्वाधिक पैसे इथेच गळतात. ठिकाण निवडताना मूळ पर्याय असा असतो की त्या ठिकाणी असलेल्यांना आणि त्या ठिकाणाविषयी रस दाखवणाऱ्यांनाही जाहिरात दिसावी. म्हणजे पुण्यात बसून ‘मुलुंड’ शोधणाऱ्यालाही तुमची जाहिरात दिसू शकते, आणि त्याने ती दाबली की पैसे तुमचे. तो पर्याय बदलून फक्त त्या ठिकाणी प्रत्यक्ष असणाऱ्या किंवा नियमित येणाऱ्या लोकांपुरता मर्यादित करा. एक मोठे वर्तुळ काढण्याऐवजी लालबहादूर शास्त्री मार्गाला धरून छोटी-छोटी वर्तुळे काढा, आणि ठाणे व नवी मुंबई ही शहरे वगळलेल्या ठिकाणांत टाका. वर्तुळाची कड तिकडे गेली तरी वगळलेल्या भागात जाहिरात दिसत नाही.

त्यानंतर नको असलेल्या शब्दांची यादी करा. एसी दुरुस्ती शोधणाऱ्यांत नोकरी शोधणारे टेक्निशियन असतात, कोर्स शोधणारे विद्यार्थी असतात, पीसीबी किंवा कॅपॅसिटर असे सुटे भाग विकत घेऊ पाहणारे असतात, स्वतःच दुरुस्ती करण्याचा व्हिडिओ हवा असलेले असतात आणि कंपनीच्या ग्राहक सेवेचा नंबर शोधणारेही असतात. हे सर्व शब्द वगळा. सुरुवातीचे काही आठवडे रोज सकाळी प्रत्यक्ष कोणत्या शब्दांवर जाहिरात दाबली गेली तो अहवाल वाचा आणि यादीत भर घालत राहा. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते एजन्सीवर सोडू नये, कारण यातले कोणते शब्द तुमच्या कामाचे आणि कोणते नाहीत हे तुम्हालाच कळते. मुलुंडमध्ये इंग्रजी, हिंदी, गुजराती आणि मराठी अशा सर्व भाषांत बोलणारे ग्राहक आहेत. जाहिरात मराठीत आणि इंग्रजीत वेगवेगळी लिहा, एकीचे शब्दशः रूपांतर दुसरीत करू नका. आणि तुमच्या पत्नी ज्या वेळेत फोनवर असतील त्याच वेळेत जाहिरात चालू ठेवा.

खर्च प्रत्येक कामामागे मोजा. समजा महिन्याला 6000 रुपये जाहिरातीवर गेले. त्यावर 18 टक्के जीएसटी धरला तर 7080 रुपये होतात. त्यातून 30 फोन आले आणि 12 कामे मिळाली, तर एका कामामागे 590 रुपये पडले. सर्व्हिसिंगचे तुम्ही 600 रुपये घेत असाल तर पहिल्या कामात हाती काहीच उरले नाही, आणि इथेच बरेच जण घाबरून जाहिरात बंद करतात. परंतु त्या 12 जणांपैकी चौघांनी वार्षिक करार केला आणि दोघांच्या इमारतीतून शेजाऱ्यांचे फोन आले, तर हिशेब पूर्णपणे बदलतो. म्हणून नवीन ग्राहक कुठून आला हे बिलावर लिहून ठेवा आणि वर्षभर त्याच्या नावापुढे नोंद करत राहा. क्षेत्र लहान ठेवण्याचा खरा फायदा इथे दिसतो: शेजाऱ्याचा फोन आला तर तुमचा माणूस आधीच त्या रस्त्यावर असतो.

---

सचिव_भांडुप

मी एका गृहनिर्माण संस्थेची सचिव आहे, त्यामुळे ग्राहकांच्या बाजूने दोन शब्द लिहिते. आमच्या सदस्यांच्या व्हॉट्सॲप गटावर ‘चांगला एसीवाला आहे का’ हा प्रश्न मार्चपासून सतत येतो. समिती कोणाचेही नाव सुचवत नाही आणि सुचवूही नये. नावे सदस्यच देतात. बाहेरच्या व्यावसायिकाने कोणाकडून तरी गटात शिरून जाहिरात टाकली तर ती काढली जाते आणि त्याचे नाव कायमचे खराब होते. त्यापेक्षा समितीला रीतसर पत्र द्या, त्यात दरपत्रक आणि टेक्निशियनची ओळखपत्रे जोडा, आणि सूचनाफलकावर पत्रक लावण्याची परवानगी मागा. आमच्याकडे मागितलेली परवानगी सहसा नाकारली जात नाही.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. गेल्या उन्हाळ्यात आमच्या इमारतीत एक मुलगा सहाव्या मजल्याच्या ग्रिलबाहेर एका पायावर उभा राहून आउटडोअर युनिटचे बोल्ट काढत होता. कमरेला पट्टा नव्हता, दोर नव्हता. खाली मुले खेळत होती आणि पाना निसटला असता तरी अनर्थ झाला असता. तेव्हापासून सुरक्षा पट्ट्याशिवाय बाहेरच्या युनिटचे काम करू द्यायचे नाही असा आम्ही नियम केला आहे. तुमची माणसे पट्टा लावून, हत्यारे दोरीने बांधून काम करत असतील तर तेच छायाचित्र गुगलच्या प्रोफाइलवर पहिले ठेवा. चकचकीत एसीची विकत घेतलेली चित्रे सगळ्यांकडे असतात, आणि त्यांवरून आम्हाला काहीच कळत नाही. मात्र कोणाच्या घराचा आतला भाग किंवा दारावरची नावाची पाटी छायाचित्रात येणार असेल तर आधी विचारावे.

दुपारी दोन ते चार आमच्याकडे ड्रिलिंग चालत नाही, आणि बहुतेक संस्थांत असाच नियम आहे. हे आधीच ठाऊक असणारा माणूस फाटकावर हुज्जत घालत नाही, आणि त्याला पुन्हा बोलावले जाते.

---

गारवा_मुलुंड

ताई, पट्टे आमच्याकडे आहेत, पण ते प्रत्येक वेळी वापरले जातात असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. उद्यापासून पट्ट्याशिवाय बाहेरच्या युनिटला हात लावायचा नाही, हे चौघांनाही सांगतो. एजन्सीला नकार कळवला आहे. व्हॉट्सॲपचा आणि पावसाळ्याचा प्रश्न तेवढा राहिला.

---

मोजूनमापून

व्हॉट्सॲप बिझनेसच्या ॲपमध्ये एका ब्रॉडकास्ट यादीत, म्हणजे एकच संदेश अनेकांना स्वतंत्रपणे पाठवण्याच्या यादीत, 256 संपर्क घेता येतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर जतन केला आहे त्यांनाच तो संदेश पोहोचतो. ही मर्यादा मला उपयोगाची वाटते, कारण त्यामुळे तुम्ही अनोळखी माणसांना त्रास देऊ शकत नाही. काम संपल्यावर ग्राहकाला विचारा: ‘पुढच्या सर्व्हिसिंगची आठवण व्हॉट्सॲपवर पाठवली तर चालेल का?’ हो म्हणाला तर नंबर जतन करायला सांगा आणि नावापुढे इमारत, एसीचा प्रकार व कामाची तारीख असे लेबल लावा. नंबरांच्या याद्या विकत घेऊ नका. व्यापारी एसएमएस आणि कॉलवर दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे 2018 चे नियम आहेत, आणि वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही 2023 साली झाला आहे. संमती घेऊन काम केले तर काही अडचण येत नाही. बंद हवे असल्यास कळवावे, अशी ओळ प्रत्येक संदेशाच्या शेवटी असावी.

पावसाळ्याविषयी सांगायचे तर जूनच्या मध्यापासून थंडाव्याच्या शोधांऐवजी गळतीचे आणि वासाचे शोध येऊ लागतात. हवेत दमटपणा वाढला की कॉइलवर पाणी जास्त जमते, ड्रेन पाइपमध्ये शेवाळ आणि धूळ अडकलेली असेल तर ते पाणी घरात, बहुधा पलंगावर, टपकते. त्या दिवसांत जाहिरातीचे शब्द बदला: एसीतून पाणी गळणे, एसीला कुबट वास येणे, आणि त्यासोबत वॉशिंग मशीनचा ड्रायर न चालणे, कारण कपडे वाळत नाहीत तेव्हा ड्रायरवाचून घराचे अडते. ऑक्टोबरच्या उकाड्यात पुन्हा एकदा एसीची मागणी वाढते, तिच्यासाठी सप्टेंबरच्या अखेरीस जाहिरात सुरू करावी. आणि वार्षिक करार करताना दोनपैकी एक सर्व्हिसिंग जुलै-ऑगस्टमध्ये ठेवण्याची अट घालून थोडी सवलत द्या. ही सवलत कामावर आहे, अभिप्रायावर नाही, त्यामुळे ती पूर्णपणे योग्य आहे. पहिल्या वर्षी जुलैच्या तारखा नाहूर आणि भांडुपच्याच ग्राहकांना द्या, म्हणजे पावसात दुचाकीवरून लांब जावे लागणार नाही.